जावयाचं मनगट

दिवाळीच्या आदल्या दिवशी सकाळी तंजावूरच्या मेडिकल कॉलेज रोडवरच्या घरात, जेवणाच्या टेबलावर दोन बाटल्या आमनेसामने उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या मागे घरातल्या बायकाही.

लहान कुपी वेंकूबाईंची. घरधनी अनिरुद्धरावांची ही थोरली बहीण तिरुवैयारुहून पहिल्या बसनं आली होती ती पदराच्या गाठीत वाळ्याचं अत्तर बांधून. दुसरी बाटली चौकोनी, काळी, झाकणाला सोनेरी पट्टी असलेली. ती अखिलाची. वैशाखात लग्न होऊन बेंगळूरुला गेलेली ही एकुलती एक लेक दिवाळसणाला नवऱ्याच्या, चेतनच्या, आधीच माहेरी पोचली होती, आणि बापाचं काम हलकं करावं म्हणून मॉलमधून परदेशी सेंट घेऊन आली होती.

काम खरोखर बापाचंच होतं. या घराण्याची रीतच तशी. पहिल्या दिवाळीला जावयाचं तेलाचं स्नान झालं, नवी वेष्टी, म्हणजे धोतर, अंगावर आली, की सासऱ्यानं स्वतः निवडलेला सुगंध आपल्या हातानं त्याच्या मनगटाला लावायचा. मग घरातल्या वडीलधाऱ्यांनी एकेकानं पुढं येऊन ते मनगट हुंगायचं. तोवर जावई पाहुणा, हुंगून झालं की घरचा. इतर घरांत जावई असा आंब्यासारखा हुंगून पारखून घेत नाहीत, हे अनिरुद्धरावांना पन्नाशी उलटल्यावर कळलं. तोवर त्या रीतीचा अभिमान इतका मुरला होता की चूक इतर घरांचीच असणार असं त्यांनी ठरवून टाकलं.

वेंकूबाईंच्या सांगण्याप्रमाणे त्यांचे खापरपणजोबा तंजावूरच्या राजवाड्यात अत्तरखान्याचे अधिकारी होते. अनिरुद्धरावांचा स्वतःचा अंदाज असा, की ते दरबारात अत्तरदाणीचं तबक धरून उभे राहत असावेत, आणि राजाची पाठ वळली की थोडं आपल्या मनगटाला लावून घेत असावेत. पण अधिकारी असोत की तबकवाले, घराण्याचं नाक तिथून आलं एवढं खरं.

ते नाक पिढ्यापिढ्या उतरत नानांपर्यंत आलं. नाना म्हणजे अनिरुद्धरावांचे दिवंगत वडील, तुळजाजीराव. माणूस कमी बोलणारा. पहाटे दाढी करून ते न्हाणीतून बाहेर आले, की घर चटकन जागच्या जागी ताठ होई. पहिली कॉफी त्यांची. ते ती पिईपर्यंत कुणी बोलायचं नाही. कुणाच्या सदऱ्याचं गळ्याचं बटण उघडं दिसलं, तर 'बटण!' एवढा एकच शब्द. मुलांचं कौतुक करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. फक्त रविवारी दुपारी ते अनिरुद्धाला समोर बसवत, त्याचे डोळे पंच्यानं बांधत आणि नाकापुढं एकेक वाटी धरत. हे तूप म्हशीचं की गाईचं? ही कोथिंबीर आजची की कालची? पोरगा चुकत नसे. मग नाना पंचा सोडत आणि म्हणत, "नाक माझं घेतलंस." जन्मात बापाकडून मिळालेली शाबासकी ती एवढीच.

त्या नाकावर अनिरुद्धरावांनी अन्नतपासणीची नोकरी केली. हलव्यात तूप किती आणि वनस्पती किती, हे ते स्कूटरवरून न उतरता सांगत. मिठाईवाले त्यांना लांबून नमस्कार करत. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी नाकाचा सत्कार करून अनिरुद्धरावांना फक्त हार घातला, असं ते स्वतःच सांगून हसत.

आणि हे नाक तीन वर्षांपूर्वी साथीच्या तापात गेलं. कापलं गेलं असतं तर निदान लोकांना दिसलं तरी असतं. हे जागच्या जागी राहिलं, चष्मा धरायला. ताप उतरला, चव थोडी परत आली, वास काही आला नाही. सुरुवातीला त्यांनी घरात सांगितलं नाही ते 'येईल आठवड्याभरात' म्हणून, आणि नंतर सांगितलं नाही ते 'इतके दिवस नाही सांगितलं, आता काय तोंडानं सांगू' म्हणून. लोक त्यांच्याकडं खरबुजं आणत, तूप आणत, ते हुंगल्यासारखं करत आणि आणणाऱ्याचा चेहरा वाचत. चेहरा वाचून नव्वद टक्के काम भागतं, हे त्यांना उशिरा समजलं. नोकरीतही आपण नाकानं पास झालो की मिठाईवाल्यांच्या घाबरलेल्या तोंडांवरून, अशी शंका त्यांना अधूनमधून येई.

शिवाय वसुमतीबाईंना उतारवयात बडबडीची सवय लागली होती. "मोगरा आज फार घमघमतोय हो." "दूध जरा लागलंय, दुसरं तापवते." "शेजारी सुकी मासळी तळायला घेतली वाटतं, खिडकी लावा." घरभर हे असं चाललेलं. अनिरुद्धरावांना आयती बातमी मिळे. बायको बडबडी निघाली हे आपलं केवढं भाग्य, असं ते मनात म्हणत, आणि वर तिलाच "किती बोलतीस!" म्हणून दटावत.

"वास घे पा, आणि खरं सांग," वेंकूबाई कुपी पुढं सरकवत म्हणाल्या. "नानांनी माझ्या यजमानांस हेच लावलं होतं. वाळ्याचं. मज अजून स्मरतंय."

"आत्या, चेतन ऑफिसात मीटिंगला बसतो," अखिला म्हणाली. "वाळ्याचा वास आला तर असके लोक म्हणतील, कूलर कोणी लावला."

"म्हणू देत. गार तरी वाटेल त्यांस."

"मुलीनं हौसेनं आणलंय, तेच लावलं तर काय बिघडतं, अक्का?" वसुमतीबाईंनी विचारलं.

"केस पांढरे झाले तुझे या घरी, वसुमती. तरी रीत निघाली की तू पाहुणीसारखं बोलतीस."

टेबलाच्या टोकाला कल्याणराम चकलीसारखा मुरुक्कू खात बसला होता. हा धाकटा भाऊ पापनाशमला शेती बघायचा आणि सणाला थोरल्याकडं यायचा. "अक्का म्हणते ते खरं," तो म्हणाला. वसुमतीबाईंनी त्याच्यापुढची मुरुक्कूची बशी शांतपणे उचलली. "पण वैनीचंही चूक नाही की," तो घाईनं म्हणाला, आणि बशी परत आली.

अनिरुद्धरावांनी कुपी नाकाशी नेली, डोळे मिटले, मान जराशी डावीकडं कलती केली. नंतर काळी बाटली. पहिल्यातून काही आलं नाही, दुसऱ्यातून तर त्याहूनही काही आलं नाही. डोळे किलकिले करून त्यांनी चेहरे वाचले. अत्तराला बायको आणि लेक नाक मुरडत होत्या, सेंटला बहीण. कुठलंही एक निवडलं तर दिवाळीभर घरात फटाके.

"दोन्ही नकोत," ते म्हणाले. "रीत काय सांगते? सासऱ्यानं निवडायचं. बहिणीनं नाही, लेकीनं नाही. मी जाऊन आणतो."

दोघींनी आपापल्या बाटल्या उचलल्या. त्या नाकाचा दरारा अजून एवढा होता. अनिरुद्धराव मात्र चपला घालायला वळले ते उद्याचा विचार करत. आजवर खरबुजं होती, तूप होतं. चुकलं तर सांबारात जिरत होतं. उद्या चुकलं तर ते जावयाच्या मनगटावर असणार होतं, आणि सगळं घर रांग लावून ते हुंगणार होतं.

त्यांनी कल्याणरामाला बरोबर घेतलं. त्यामागं हिशेब होता. कल्याणरामाच्या पोटातलं तोंडावर लपायचं नाही. पत्त्यांत तो लहानपणापासून हरत आला होता तो त्यापायीच. नाक त्याचं यथातथाच, पण आपल्या नसलेल्यापेक्षा बरं, असा विचार करून अनिरुद्धराव भावाच्या खांद्यावर हात टाकून निघाले.

गांधीजी रोडवर पाय ठेवायला जागा नव्हती. एका फॅन्सी स्टोअरात दोघं घुसले. दुकानदारानं कागदाच्या पट्ट्यांवर एकेक सेंट उडवून पुढं केलं. अनिरुद्धराव पट्टी घेत, डोळे मिटत, 'हं' म्हणत, आणि ती कल्याणरामाकडं देत. "तू बघ. मज कळलंच आहे, तुज कळतं का पाहू."

पहिल्या पट्टीला कल्याणरामाचं तोंड दात काढून घेणाऱ्यासारखं झालं. दुसऱ्या पट्टीला तो शिंकला. तिसरी हुंगून तो समोरच्या पंख्याकडं बघत राहिला.

"ही तिन्ही बेकार," अनिरुद्धराव दुकानदाराला म्हणाले.

"सारच्या नाकाला पारख आहे," दुकानदार म्हणाला आणि खालच्या खणातून त्यानं एक पांढरी बाटली काढली. "हे आफ्टरशेव्ह बघा. माल जुना आहे. मध्ये कित्येक वर्षं बंद होता, कंपनीनं आता नव्या बाटलीत परत आणलाय. वयस्कर मंडळी विचारत येतात."

तरण्या जावयाला वयस्करांचं लोशन कशाला, असं म्हणायला अनिरुद्धरावांनी तोंड उघडलं होतं. एवढ्यात त्यांचं लक्ष भावाकडं गेलं. कल्याणरामानं पट्टी नाकाशी धरली होती आणि तो खाली करत नव्हता. मग तो मागचं स्टूल चाचपून त्यावर बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

अनिरुद्धरावांचा आनंद गगनात मावेना. पापनाशमच्या शेतकऱ्याला रडवणारं सेंट म्हणजे साधंसुधं नव्हे.

"बांधा हे," ते म्हणाले.

"अण्णा," कल्याणराम घोगऱ्या आवाजात म्हणाला. "हेच?"

"हेच."

"जावयास? नीट विचार केलास?"

"नाकानं केला."

"अक्का काय म्हणेल? वैनी?"

"त्यांस मी बघून घेतो."

कल्याणरामानं भर गर्दीत थोरल्या भावाचा हात धरला आणि गाडीपर्यंत सोडला नाही. "तुझं काळीज मोठं, अण्णा," तो म्हणाला. "मज जमलं नसतं हे." एका आफ्टरशेव्हसाठी काळीज मोठं कशाला लागतं, हे अनिरुद्धरावांना कळलं नाही. पण न कळलेल्या गोष्टीला गंभीरपणे मान हलवायचा सराव त्यांना तीन वर्षांचा होता. त्यांनी मान हलवली.

दिवाळीच्या पहाटे रस्त्यावर फटाके सुरू झाले होते. फोनवर फोन येत होते आणि प्रत्येक जण 'गंगास्नान झालं का?' म्हणून अभ्यंगाची चौकशी करत होता. चेतन रात्रीच्या गाडीनं येऊन पोचला होता. मुलगा तंजावूरच्या मराठी घरातलाच, पण चेन्नईत वाढलेला. मराठी सगळी समजायची, बोलताना मात्र जीभ तमिळ-इंग्रजीकडं घसरायची. वसुमतीबाईंनी त्याच्या डोक्यावर ओंजळभर तेल थापलं, अखिलानं त्याचे फोटो काढले, आणि गरम पाण्यानं न्हाऊन, दिवाळीचं तिखट औषधी लेह्य कसंबसं गिळून तो नव्या वेष्टीत पाटावर येऊन बसला. वेष्टी सुटू नये म्हणून त्यानं एक हात कमरेवर घट्ट दाबून ठेवला होता.

"दुसरा हात दे रे," वेंकूबाई म्हणाल्या. "माझ्या भावानं काय आणलंय बघू दे."

त्यांच्या आवाजात धार होती. वाळ्याच्या अत्तराचा अपमान त्या विसरल्या नव्हत्या. अखिलाही हाताची घडी घालून उभी होती. अनिरुद्धरावांनी बाटलीचं बूच काढलं. पंखा चालू असूनही त्यांना घाम फुटला होता, गळ्याचं बटण त्यांनी मघाच सैल केलं होतं. तळहातावर लोशन ओतून त्यांनी ते जावयाच्या मनगटाला चोळलं, आणि आफ्टरशेव्हच आहे म्हणून थोडं गालांनाही थापटलं.

"मामा, थोडं झोंबतंय," चेतन म्हणाला.

"झोंबणारच. असली माल आहे."

वेंकूबाई पुढं आल्या. नाक मुरडायची तयारी त्यांच्या तोंडावर आधीच दिसत होती. त्या मनगटावर वाकल्या. वाकल्या त्या तशाच राहिल्या. सरळ झाल्या तेव्हा त्यांनी पदर डोक्यावरून घेतला आणि जावयाला पाठ न दाखवता मागं सरकल्या.

"बसा," त्या चेतनला म्हणाल्या. मघापर्यंत त्याला त्या अरे-तुरे करत होत्या. "नीट बसा."

वसुमतीबाईंनी मनगट हुंगलं. एक शब्द न बोलता त्या स्वयंपाकघरात गेल्या, चांदीच्या टंबलरमध्ये पहिली कॉफी घेऊन आल्या, चेतनच्या पुढ्यात ठेवली आणि बाजूला उभ्या राहिल्या. दाराशी टेकून उभा असलेला कल्याणराम भिंत सोडून ताठ झाला. साठीच्या त्या माणसानं नव्या सदऱ्याचं गळ्याचं बटण मुकाट्यानं लावून घेतलं. कुणी बोलेना. सगळे चेतन कॉफी कधी पितो याची वाट बघत होते.

चेतननं टंबलर उचलला, इकडं तिकडं पाहिलं, परत खाली ठेवला. "अखिला," तो हळूच म्हणाला, "मी काही तप्पु केलं का?"

अखिला पुढं झाली, त्याच्या गालाशी नाक नेलं आणि किंचाळली. "आजोबा!" मग ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला. "अप्पा, हे काय केलंत? आता मी याच्याशी भांडू कशी?"

अनिरुद्धराव सगळ्यांकडं बघत होते. चेहरे वाचायची सगळी विद्या पणाला लावूनही त्यांना काही लागेना.

वेंकूबाईंनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "कुठून शोधलास रे हे? नाना मद्रासहून मागवायचे. पुढं मिळेना झालं तेव्हा तुरटीवर आले, पण महिनाभर कोणाशी बोलले नाहीत. डोळे मिटले तर ते न्हाणीतून बाहेर आलेत म्हणून वाटतंय मज." त्यांनी हात आणखी घट्ट धरला. "मी काल तुज मनातल्या मनात काय काय बोलले. जमीन कल्याणास मिळाली, दागिने मज मिळाले, तू एकटा रिकामा राहिलास म्हणून वाटायचं. रिकामा कुठला? नाक तुज एकट्यास दिलं त्यांनी. तेच खरं."

"मी दुकानातच ओळखलं," कल्याणराम म्हणाला. "म्हणून तर म्हटलं, काळीज मोठं. नानांचा वास जावयास दिलास."

आता फक्त 'होय' म्हणायचं होतं. एका 'होय'वर अनिरुद्धरावांचं नाक मरेपर्यंत सलामत राहिलं असतं, मेल्यावरही घराण्यात त्याची गोष्ट सांगितली गेली असती. 'होय' अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांना फार एकटं वाटलं. नाना घरात आले होते. थोरल्या लेकीला भेटले, सुनेला भेटले, धाकट्या लेकाला भेटले, नातीला हसवून रडवून गेले. ज्याला नाक दिलं तो तेवढा त्यांच्या शेजारी उभा राहून त्यांना शोधत होता.

त्यांनी खाली वाकून चेतनचं मनगट नाकाशी नेलं. मोठा श्वास घेतला. आणखी एक घेतला. हाही रीतीचाच भाग असेल असं समजून चेतननं हात स्थिर धरला. अनिरुद्धरावांना मनगटाची ऊब लागली, नाडी लागली, बाकी काही नाही.

"अक्का," ते वाकलेलेच म्हणाले, "कसा येतोय?"

"काय कसा येतोय?"

"वास. सांग मज. मज काही येत नाही. त्या तापापासून काहीच येत नाही."

बाहेर कुणीतरी लांबलचक माळ लावली होती. ती तडतडून संपली तसा कल्याणराम दारातून पुढं आला.

"मग दुकानात काय केलास?" कल्याणरामानं विचारलं.

"तुझं तोंड बघून घेतलं."

"माझ्या तोंडावर? पहिल्या दिवाळीचं सेंट माझ्या तोंडावर घेतलास?"

"तुझं तोंड चांगलं आहे रे," अनिरुद्धराव म्हणाले. "नाकापेक्षा बरं." त्यांना हसू येत होतं आणि डोळे भरून येत होते.

तेव्हा वसुमतीबाई बोलल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. दूध लागलंय, मोगरा घमघमतोय, हे सांगायचा जो आवाज, त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "सकाळचा वास आहे हो. आत्ता दाढी झालीय. आधी लिंबासारखं काहीतरी येतंय, त्याच्या मागून कापूर. मग ओला पंचा. आरशावर वाफ धरलीय."

अनिरुद्धरावांनी बायकोकडं पाहिलं. मोगरा, दूध, शेजारची मासळी, खिडकी लावा. तीन वर्षांची ती सगळी बडबड कशासाठी होती ते एका क्षणात त्यांच्या ध्यानात आलं, आणि चेहरे वाचता येतात म्हणून जो ऐटीत होता, त्या माणसानं हा एक चेहरा कधी नीट वाचलाच नव्हता.

"कॉफी अजून कोणी घेतली नाही," वसुमतीबाई सांगत राहिल्या. "न्हाणीचं दार उघडलंय. आता बाहेर आलेत. इथंच उभे आहेत, तुमच्याकडं बघतायत."

अनिरुद्धरावांचा हात गळ्याशी गेला आणि त्यांनी बटण लावलं.